नाव आपले, कर्ज कुणाचे?



बाईचे नाव कागदावर यावे म्हणून आपल्या चळवळीने किती खटपट केली, हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. परित्यक्तांना स्वतंत्र रेशनकार्ड मिळावे म्हणून मोर्चे निघाले. सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर बाईचे नाव लागावे म्हणून तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत खेटे घातले गेले. बचत गटांमुळे लाखो बायका पहिल्यांदा बँकेची पायरी चढल्या. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लावणे बंधनकारक केले. आज वस्तीतल्या बाईच्या पत्र्याच्या पेटीत तिच्या स्वतःच्या नावाची आधार, पॅन, पासबुक, मतदार ओळखपत्र अशी पाच-सहा कागदपत्रे तरी असतात. ही आपली कमाई आहे आणि ती सोडून द्यायची नाही.

पण कागदावर आलेले नाव दुसरा कुणी उचलूनही नेऊ शकतो, हे आता रोज दिसू लागले आहे. वसुलीवाला दारात उभा राहतो तेव्हा बाईला कळते की आपल्या नावावर कर्ज आहे. अर्ज तिने केला नाही, पैसे तिने पाहिले नाहीत, पण आधार क्रमांक तिचाच असतो. कुणाच्या नावावर तिला ठाऊक नसलेले सिमकार्ड चालू असते. कुणाच्या खात्यातून अंगठ्यावर पैसे निघालेले असतात आणि अंगठा तर तिने दिलेलाच नसतो. याला ओळख-चोरी म्हणतात. या अंकाचे संपादकीय या विषयावर लिहिण्याचे कारण असे की हा प्रश्न फक्त कॉम्प्युटर जाणणाऱ्यांचा आहे, असा समज आपल्या गटांतही आहे. तो समज मोडला पाहिजे.

ही माहिती जाते कुठून? गेल्या काही वर्षांतल्या घटना पाहा. जानेवारी २०१८ मध्ये 'द ट्रिब्यून' या दैनिकाच्या बातमीदाराने पाचशे रुपयांत, काही मिनिटांत, कोट्यवधी लोकांच्या आधार नोंदींपर्यंत पोहोचता येते हे दाखवून दिले. त्यावर आधार प्राधिकरणाने जी फिर्याद दिली, तीत बातमीदाराचेही नाव घातले! जून २०२३ मध्ये टेलिग्रामवर नुसता मोबाइल क्रमांक टाकला की कोविडची लस घेतलेल्याचे नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि लसीकरणाचे केंद्र समोर येत होते. सरकारने कोविन सुरक्षित असल्याचे सांगितले, पुढे या प्रकरणात बिहारमधून अटक झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका अमेरिकन सुरक्षा कंपनीने सांगितले की ८१.५ कोटी भारतीयांची नावे, पत्ते, फोन, आधार व पासपोर्ट क्रमांक विक्रीला मांडले आहेत. डिसेंबरमध्ये दिल्ली पोलिसांनी चौघांना पकडले. २०२४ मध्ये स्टार हेल्थ या आरोग्य विमा कंपनीच्या तीन कोटींहून अधिक ग्राहकांची माहिती हाती असल्याचा दावा एका हॅकरने केला, आणि कंपनीलाही आपल्या माहितीत अनधिकृत शिरकाव झाल्याचे मान्य करावे लागले. विम्याच्या कागदांत काय असते? कुठले ऑपरेशन झाले, कुठल्या तपासण्या केल्या, बाळंतपण कधी झाले. बाईच्या बाबतीत ही माहिती बाहेर जाणे म्हणजे नुसते पैशाचे नुकसान नव्हे.

यांपैकी एकाही ठिकाणी कुठल्या बाईने कुणाला ओटीपी सांगितला नव्हता, हे नीट लक्षात ठेवू या. माहिती गेली ती मोठ्या संस्थांच्या तिजोरीतून. पण फसवणूक झाल्यावर घरात, बँकेत, पोलीस चौकीत पहिला प्रश्न असतो: 'तू नंबर दिलासच का?' हा सूर आपल्या ओळखीचा आहे. 'तू एवढ्या उशिरा बाहेर गेलीसच का?' विचारणाऱ्यांचाच हा सूर. गुन्हा करणारा आणि राखणदारीत कसूर करणारा दोघेही बाजूला राहतात आणि चौकशी होते ती बाईच्या वागण्याची. म्हणून बाई सांगत नाही. नवऱ्याला कळले तर फोन काढून घेईल, या भीतीने ती आठवडाभर गप्प बसते. नेमका तोच आठवडा पैसे परत मिळवण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा असतो. तेव्हा अशी मैत्रीण केंद्रावर आली की 'कसं झालं गं?' याच्या आधी 'कधी झालं?' हे विचारायचे आणि लगेच फोन हातात घ्यायचा.

दुसरी गोष्ट. सावध कसे राहावे याची जी पत्रके निघतात, ती स्वतःचा स्मार्टफोन असलेल्या माणसासाठी लिहिलेली असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ७९ टक्के बायकांनी सांगितले की त्या स्वतः वापरतात असे बँकखाते आहे. स्वतः वापरतात असा मोबाइल मात्र सुमारे ५४ टक्केच बायकांकडे होता. मधल्या बायकांच्या खात्याचे संदेश कुणाच्या फोनवर जातात? नवऱ्याच्या, मुलाच्या, दिराच्या, नाहीतर खाते उघडताना ज्याने मदत केली त्या एजंटाच्या. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत पतीचा किंवा वडिलांचाही आधार मागितला गेला. विधवा आणि घटस्फोटित बायका अडकल्या आणि मग शासनाला त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. बनावट संकेतस्थळांपासून सावध राहा, असेही त्याच वेळी शासनाला सांगावे लागले. महिना दीड हजारांसाठी बाईने आपली सगळी ओळख रांगेत उभे राहून द्यायची, आणि ती सांभाळण्याची चावी दुसऱ्याच्या खिशात! म्हणून पहिले काम अगदी साधे आहे. गटातल्या प्रत्येकीच्या बँकखात्याला आणि आधारला कुणाचा नंबर जोडलेला आहे, हे येत्या बैठकीत विचारून घ्या. तो तिचा स्वतःचा असेल असे पाहा.

आता माहिती फुटल्याचे कळले, किंवा तसा संशय आला, तर काय करायचे?

पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्याआधी ते अडवण्यासाठीच ही सोय आहे. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा. त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज द्यायचा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. तोंडी सांगून परत यायचे नाही. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तिसऱ्याच ठिकाणी गळती झाली आहे, अशा व्यवहाराची तक्रार बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर ग्राहकावर बोजा नाही, असे रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ठरवून दिले. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर टाकली. बँकेतला साहेब 'तुमचीच चूक' म्हणाला, तर 'तसे लिहून द्या' म्हणायचे.

पैसे गेले नसतील तरी स्वस्थ बसायचे नाही. ई-मेल असेल तर आधी त्याचा पासवर्ड बदलायचा, कारण बाकीची कुलुपे त्याच किल्लीने उघडतात. फोनची रेंज एकाएकी गेली आणि बराच वेळ आली नाही, तर आपल्या नंबराचे दुसरे सिम कुणी काढले आहे का, हे कंपनीच्या दुकानात जाऊन विचारायचे. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे २०२३ पासून दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर फुकट पाहता येते आणि अनोळखी नंबर तिथेच कळवता येतो. ते कळवणे महत्त्वाचे, कारण त्या सिमवरून गुन्हा घडला तर पोलीस आधी तिच्याच दारात येतील. फुटलेली माहिती हाताशी धरून येणारे फोन ही आणखी एक गोष्ट. समोरच्याला तुमचे नाव, पॉलिसीचा नंबर, मुलाची शाळा ठाऊक आहे म्हणून तो अधिकारी ठरत नाही. फोनवर किंवा व्हिडिओवर अटक करण्याची तरतूद आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. फोन ठेवायचा आणि त्या कचेरीचा नंबर स्वतः शोधून खात्री करायची.

कर्जाची नोंद पाहणे ही तर सवयच व्हायला हवी. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या कर्जदारांच्या नोंदी ठेवतात. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मागण्याचा हक्क आहे. चार कंपन्या आणि वर्षात आपले अंक चार. दर अंकाबरोबर एका कंपनीचा अहवाल काढला तर वर्षभर लक्ष राहील. ज्या मैत्रिणीला लिहितावाचता येते, तिने शेजारणीचा अहवाल काढून वाचून दाखवावा.

खोटे कर्ज सापडले तर 'एक हप्ता भरून मोकळी हो' हा सल्ला ऐकायचा नाही. हप्ता भरला की कर्ज मान्य केले असे म्हणायला त्यांना जागा मिळते. कंपनीला लेखी विचारायचे: अर्जाची प्रत द्या, सही किंवा अंगठा दाखवा, फोटो दाखवा, आणि कर्जाची रक्कम कुठल्या खात्यात जमा केली ते सांगा. या शेवटच्या प्रश्नातून पुष्कळदा चोर सापडतो. मग पोलिसांत तक्रार. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क-खाली (इंग्रजी प्रतीत ६६ सी) गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा कुठल्या हद्दीत घडला या कारणावरून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट आहे. ठाण्यात ऐकले नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लिहायचे. नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडेही दुरुस्ती मागायची. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा नियम रिझर्व्ह बँकेने केला. तेवढ्यानेही भागले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, १४४४८ वर चौकशी होते. आणि वसुलीवाल्याने दारात आरडाओरडा केला तर त्याला ठणकावून सांगायचे की सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर येण्या-बोलावण्याला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

आधारचे मात्र वेगळे आहे. पासवर्ड बदलता येतो, कार्ड नवे मिळते, सिम बदलता येते. अंगठा आणि जन्मतारीख बदलता येत नाही. २०२३ च्या सुमारास अनेक राज्यांत पोलिसांना आढळले की मालमत्ता नोंदणीच्या दस्तांवरून लोकांचे ठसे उचलून त्यांचे खोटे अंगठे बनवले गेले आणि आधारवरून खात्यातले पैसे काढले गेले. त्यात ओटीपीची गरजच नव्हती. यावर उपाय सांगतात तो ठशांना कुलूप लावण्याचा. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ते फुकट होते, मागच्या सहा महिन्यांत आपला आधार कुठे वापरला गेला तेही दिसते. प्रत द्यायची झाल्यास पहिले आठ आकडे झाकलेली प्रत काढता येते. नोकरदार बाईने हे आजच करावे. पण जिला रेशन अंगठ्यावर मिळते, पेन्शन गावातल्या बँकमित्राकडे अंगठ्यावर मिळते, तिने कुलूप लावले तर दर वेळी ते उघडायला कुणाचा तरी फोन लागणार. म्हणजे जिचे खाते सर्वांत उघडे, तिलाच कुलूप परवडत नाही. अशा बाईने निदान ज्या खात्यात बचत आहे, त्या खात्याची आधारवरून पैसे काढण्याची सोय बंद करण्याचा अर्ज बँकेत द्यावा, रोजच्या व्यवहाराचे खाते वेगळे ठेवावे. ही तात्पुरती डागडुजी आहे. खरी मागणी पुढे येतेच.

आणि चोर घरातला असेल तर? नवऱ्याने बायकोच्या कागदांवर कर्ज काढले, सासरच्यांनी घर सोडताना आधार-पासबुक ठेवून घेतले, हे आपल्या समुपदेशन केंद्रांना नवे नाही. पूर्वी 'घरातली बाब खासगी' म्हणून पोलीस बाईला परत पाठवत. खासगी या शब्दाचा म्हणूनच आपल्याला राग होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क व्यक्तीचा आहे. म्हणजे घरातल्या बाईचाही आहे, नवऱ्याच्या घराच्या चार भिंतींचा नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मध्ये आर्थिक छळाचा समावेश आहे. त्याखाली अर्ज करताना दागिन्यांबरोबर कागदपत्रे परत मागावीत आणि तिच्या नावावर नवे कर्ज काढण्यास मनाई मागावी. घर सोडून आलेल्या बाईचा नंबर, बँकेतला पत्ता आणि ई-मेल पहिल्याच आठवड्यात बदलून घ्यावा. तिचा नवा पत्ता फुटला तर तिच्या जिवाला धोका असतो.

आपल्या स्वतःच्या कपाटांकडेही पाहू या. केंद्रांच्या फायलींत बायकांच्या आधारच्या झेरॉक्स असतात, तक्रारींच्या वह्या असतात, व्हॉट्सॲपवर लाभार्थींच्या याद्या फिरतात. आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने मे २०२२ मध्ये आधारची झेरॉक्स कुणाला देऊ नका असे पत्रक काढले आणि सरकारने ते दोनच दिवसांत मागे घेतले. सरकारचाच असा गोंधळ असला तरी आपण नेमके ठरवू शकतो. गरज नसेल तर प्रत घ्यायची नाही. घेतली तर तिच्यावर आडवे लिहायचे: कशासाठी, कुणाला, कुठल्या तारखेला. काम झाले की फाडायची. आणि यादी ग्रुपवर टाकायची नाही.

कायद्याचे काय? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्यांना २५० कोटींपर्यंत दंड आहे आणि गळती झाली की संबंधित व्यक्तीला कळवण्याचे बंधन आहे. ऐकायला चांगले. पण दंड सरकारी तिजोरीत जातो, जिचे नुकसान झाले तिच्या हाती त्यातला एक पैसाही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ अ (इंग्रजी प्रतीत ४३ ए) कलमात भरपाई मागण्याची वाट होती, ती या कायद्याने काढून टाकायचे ठरवले. उलट खोटी तक्रार केली म्हणून सामान्य माणसालाच दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. गळती झाली तर ती मराठीत, साध्या भाषेत कळवा, आणि जिच्याकडे फोन नाही तिला टपालाने कळवा. जिचे नुकसान झाले तिला भरपाई द्या. रेशन आणि पेन्शनसाठी अंगठ्याला दुसरा पर्याय द्या, म्हणजे गरीब बाईलाही ठशांना कुलूप लावता येईल. आपल्या नावावर नवे कर्जच निघू नये, असे कुलूप फुकट लावण्याचा हक्क द्या. अमेरिकेत २०१७ मध्ये इक्विफॅक्स कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. त्यानंतर कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून असे कुलूप सगळ्यांना फुकट मिळाले. तीच कंपनी आपल्याकडेही नोंदी ठेवते, पण आपल्याला तसा कायदेशीर हक्क नाही.

शेवटी एक लहान मुद्दा. फोनवर ओळख पटवताना बँकवाले अनेकदा आईचे नाव विचारतात. आईचे नाव कुठल्याच कागदावर नसायचे, म्हणून ते गुपित मानले गेले! आता ते कागदावर आले आहे आणि यायलाच हवे होते. बँकांनी ओळख पटवायची दुसरी पद्धत शोधावी. चोरांच्या भीतीने आपण आया पुन्हा झाकून ठेवणार नाही.

पुढच्या अंकापर्यंत प्रत्येक गटाने एक बैठक या विषयावर घ्यावी. कुणाच्या खात्याला कुणाचा फोन आहे, किती जणींच्या नावावर अनोळखी सिम किंवा कर्ज निघाले, बँकेने आणि पोलिसांनी काय उत्तर दिले, हे नावे न लिहिता आम्हाला कळवा. हे अनुभव एकत्र करून रिझर्व्ह बँकेकडे आणि राज्य महिला आयोगाकडे निवेदन द्यावे, असा विचार आहे. तुमच्या पत्रांची वाट पाहतो.